निरोप्याच्या धापा

कुलपं-किल्ल्यांची दुरुस्ती करणाऱ्या माणसानं जगावर विश्वास ठेवायचा तरी कसा? दिवसभर त्याच्या दुकानात येतं कोण, तर किल्ली हरवलेले, किल्ली विसरलेले, आणि 'घर माझंच आहे हो' असं नको तितक्या वेळा सांगणारे. तेव्हा आपल्या या गृहस्थाला सगळा रस्ता शंकासुर म्हणायचा, यात रस्त्याची काही चूक नव्हती. लग्नाच्या दिवशी यानं सासऱ्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "ही स्वतःच्या मर्जीनं हो म्हणाली ना? की तुम्ही भरीस घातलंत?" सासरे हसले, पण बायकोनं ते ऐकलं होतं. आजही भांडण निघालं की तो मुद्दा पहिल्या नंबरावर असतो.

अशा संशयी माणसाचं मन एका कार्टूनवर जडावं, ही गंमतच म्हणायची. 'निरोप्या' नावाची जुनी जपानी मालिका. आजची पोरं तिला अॅनिमे म्हणतात. तेव्हा आपण सगळ्यालाच कार्टून म्हणायचो आणि आपलं काही अडत नव्हतं. डोंगरातल्या गावागावांत निरोप पोचवणारा दहा वर्षांचा पोरगा, गळ्यात पिवळा रुमाल, पायात फाटके बूट, आणि सदानकदा पळत. निरोप तोंडी असायचा, कागद नाही. ज्याचा त्यालाच सांगायचा, वाटेत राजानं विचारला तरी सांगायचा नाही, हा त्याचा नेम. दारात पोचला की धापा टाकत ओरडायचा, "निरोप आणलाय!" ते ऐकलं की घराघरांतली पोरं हातातला घास विसरायची.

आणि त्या पोराला आपल्या भाषेत आवाज दिला होता शंकासुराच्या मावशीनं.

आई गेली तेव्हा शंकासुर एवढासा होता. मावशीनं त्याला उचलून आपल्या घरी आणलं. ती एकटी, डबिंगच्या स्टुडिओत कामाला. घराच्या दाराला कुठलं तरी विचित्र विलायती कुलूप होतं. त्याची किल्ली एकच, आणि दुसरी काही केल्या कुणाला करता येईना. शाळेतून येऊन हा पायरीवर बसायचा. रोज त्याला वाटायचं, आज काही ही येत नाही. आईसुद्धा येते म्हणूनच गेली होती की. मग कोपऱ्यावरून मावशी धापा टाकत यायची आणि हा तोंड फुगवून विचारायचा, "विसरली होतीस ना मला?" मावशी हसायची आणि दार उघडायची. पुढे हा किल्लीवाला झाला आणि आधी त्या कुलपाची दुसरी किल्ली केली, यात नवल ते काय!

काही वर्षांपूर्वी मावशीच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला श्वासापुरतं एक भोक राहिलं. त्यावर ती सुती रुमाल बांधते, आणि श्वासाची बारीक शीळ कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून चारचौघांत गळ्यावर हात ठेवून बसते. बोलायचं ते पाटीवर. लहान पोरांची असते तसली पुसायची पाटी, पण तिच्यावर ती असं काही लिहिते की समोरच्याची बोलती बंद व्हावी.

शंकासुराच्या जुन्या फोनमध्ये तिच्या आवाजातले निरोप होते. 'येताना साबण आण', 'छत्री विसरलास, गाढवा', असले. तो फोन विकताना दुकानदार आपली माहिती चोरेल म्हणून यानं स्वतःच्या हातानं सगळं पुसलं. खात्रीसाठी दोनदा पुसलं. घरी आल्यावर आठवलं. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि का जेवला नाही ते त्यानं बायकोलाही कितीतरी दिवस सांगितलं नाही.

तेव्हा मावशीचा आवाज म्हणून जगात उरला तो एवढाच, निरोप्याचा. आणि तोही याच्याजवळच्या जुन्या टेपांवर, ज्यांत मागे कुणीतरी सतत काहीतरी तळत बसलंय असं वाटायचं. म्हणून तर हा चाहत्यांच्या ग्रुपचा म्होरक्या झाला. 'निरोप्या' नव्यानं साफ होऊन, चांगल्या पेटीत बंद होऊन यावा, यासाठी यानं कंपनीच्या नाकी नऊ आणले होते. दर आठवड्याला फोन. "चित्राचं तुम्ही बघा, पण ती खरखर काढा. एक कण ठेवू नका."

कंपनीनं त्याआधी दोनदा घोषणा करून दोनदा तोंडाला पानं पुसली होती. त्यामुळे ग्रुपवर तिसऱ्यांदा बातमी आली, की सगळे भाग साफ करून, चित्रांच्या पुस्तकासकट, पिवळ्या रुमालासकट, संग्राहकांसाठी खास पेटी निघणार आणि तीही 'मूळ डबिंगसह', तेव्हा बाकीचे नाचू लागले आणि शंकासुरानं लिहिलं, "बाजारात तुरी." एकानं उत्तर दिलं, "दादा, एकदा तरी आनंद मानून बघा, पैसे पडत नाहीत." शंकासुरानं त्यालाच ग्रुपमधून काढून टाकला, आणि बायकोनं कान उपटल्यावर परत घेतला.

मग आली झलक. मिनिटभराची. दुकानात एक बाई कपाटाची किल्ली करून घ्यायला उभी होती, तिला तसंच उभं ठेवून यानं ती फोनवर पाहिली. चित्रात खोट काढायचा त्यानं फार प्रयत्न केला. रुमालाचा पिवळा तोच होता. डोंगर तेच, धुकंही तेच, आणि इतकं लख्ख की निरोप्याच्या बुटाचे टाके मोजून घ्यावेत. मग पोरगा दारात आला आणि ओरडला, "निरोप आणलाय!"

शंकासुरानं झलक मागे नेली. पुन्हा ऐकली. मग फोन कानाला लावून, डोळे मिटून ऐकली. अडलेल्या कुलपात तार घालून तो असाच ऐकतो.

"बिघडलंय का हो?" किल्लीवाली बाई म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "काहीतरी बिघडलंय."

आवाज मावशीचा होता. खोलात ऐकलं तर मावशी नव्हती. शब्द तेच, ठसका तोच, पण पोरगा डोंगर चढून आलाय असं वाटेना. खुर्चीत बसून कुणीतरी छान वाचून दाखवावं, तसं. याच्या मनात पाल चुकचुकली. हल्ली म्हणे कॉम्प्युटर कुणाच्याही आवाजात काहीही बोलतो. मेलेल्यांना गायला लावतात. मग एका मुक्या झालेल्या म्हातारीचा आवाज बनवायला किती वेळ लागतो? तिला काय, ओरडून 'हा मी नव्हे' म्हणता येणार आहे थोडंच!

घरी त्यानं मावशीला झलक दाखवलीच नाही. "नेट नाही," म्हणाला. मावशीनं पाटीवर लिहिलं, "ग्रुपमधल्या पोरी सकाळपासून मला बदाम पाठवतायत. त्यांच्याकडे नेट आहे?" हा आपला कपडे बदलायला आत गेला.

दोनच दिवसांत कंपनीची बाई घरी आली. तिशीची, नीटनेटकी, हातात फाईल. दारातच मावशीच्या पाया पडायला वाकली तेव्हाच शंकासुराचे डोळे बारीक झाले.

"मी तुमच्याच आवाजावर वाढले, ताई," ती म्हणाली. "शाळेत पळायच्या शर्यतीत मी 'निरोप आणलाय' ओरडत पळायचे."

"जिंकायचात?" शंकासुरानं विचारलं.

"नाही."

हे उत्तर खरं वाटल्यामुळे त्याची जरा पंचाईत झाली. बायकोनं तेवढ्यात चहा आणला, आणि बाईनं फाईलमधून संमतीचा कागद काढला. मावशीची सही हवी होती. महिनाअखेरपर्यंत. सही नाही मिळाली तर कायद्यानं तो आवाज वापरता येणार नाही. मग नवी माणसं घेऊन पुन्हा डबिंग करावं लागेल. मावशीनं चष्मा लावला आणि पेन उचललं.

"थांब," शंकासुर म्हणाला. कागद त्यानं खिडकीशी नेला. "हे काय आहे? 'आवाजात तांत्रिकदृष्ट्या आवश्यक ते बदल करण्याची मुभा.' कसले बदल?"

"ते नेहमीचंच असतं, दादा."

"नेहमीचंच असतं म्हणून तर विचारतोय. आणि सही अजून व्हायचीय, तर झलक कशी बाहेर आली?"

बाईचे कान लाल झाले. "घाई झाली आमच्याकडून," ती म्हणाली. "वरिष्ठांना तारीख गाठायची होती. चूक झाली, मी नाकारत नाही."

"पाहिलंस?" तो मावशीला म्हणाला. "आधी घरात शिरायचं, मग बेल वाजवायची."

टक्, टक्. मावशीनं पेनानं पाटी वाजवली. हे तिचं ओरडणं. लिहिलं होतं, "आवाज माझा. सही माझी. तू कोण?"

"मी कोण? मला पोसताना विचारायचं होतंस!"

"अहो, भांडताय काय!" बायको मध्ये पडली. "आधी त्यांना ऐकू तरी द्या. आवाज कुणाचा, आणि ऐकणार सगळं जग, फक्त त्याच नाहीत!" तिनं सरळ आपला फोन मावशीच्या हातात ठेवला. झलक सुरू करूनच ठेवला.

मावशीनं गळ्यावरचा हात काढला आणि दोन्ही हातांनी फोन धरला. सुरुवातीला तिचा चेहरा असा फुलला, की शंकासुराला आपण तिला दोन दिवस हे नाकारलं याची लाज वाटली. मग पोरगा दारात आला, ओरडला. मावशीच्या कपाळाला आठी पडली. तिनं पुन्हा ऐकलं. मग फोन हळूच टेबलावर ठेवला आणि पाटी घेतली.

"हा पळत नाहीये," तिनं लिहिलं.

"बघा!" शंकासुर ताडकन उठला. "मी म्हणत नव्हतो? मशीन आहे हे! मशीनला कुठले पाय!"

"मशीन?" कंपनीची बाई खरोखरच गोंधळली. "नाही हो. जुन्या गोदामात मूळ आवाजाच्या फिती सापडल्यात, त्यांवरून केलंय. मला आवाजातलं फार कळत नाही. तुम्ही असं करा, स्टुडिओत या. आमचे आवाज साफ करणारे कानसेन तुम्हाला सगळं दाखवतील."

म्हणजे आता घरात जे पटलं नाही ते कचेरीत नेऊन पटवणार, शंकासुर मनात म्हणाला. पण मावशी तोवर चपला शोधायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी निघताना याची नुसती तारांबळ. पुरावा म्हणून जुन्या टेपा पिशवीत घेतल्या, त्या वाजवायला जुनं यंत्र घेतलं, कागदाची प्रत घेतली, वाटेत कुणी फसवलं तर म्हणून ग्रुपमधल्या वकिलाचा नंबर घेतला. बायको कामाला निघून गेली होती. "मी चार वाजता येते, तोवर या दोघं," एवढं ती सांगून गेली होती. यानं दार ओढलं, कुलूप आपोआप बसलं, आणि दोघं निघाली.

स्टुडिओ म्हणजे एक छोटी खोली. भिंतींना जाड कापड, जमिनीवर गालिचा, दोन मोठे स्पीकर, आणि त्यांच्यामध्ये पाठीत वाकलेला, पन्नाशीचा, केस विस्कटलेला एक माणूस. गाणाऱ्याला तानसेन म्हणतात म्हणून नुसतं ऐकणाऱ्याला कानसेन. याचा तर धंदाच ऐकण्याचा. त्यानं मावशीला पाहिलं आणि उभाच राहिला. महिनोन् महिने ज्या आवाजात तो बुडाला होता, त्या आवाजाची मालकीण समोर उभी होती, आणि तिच्याकडे तो आवाज नव्हता.

"बसा ना," तो शेवटी म्हणाला.

शंकासुर बसला नाही. "पाल्हाळ नको," तो म्हणाला. "हा आवाज मशीननं बनवलाय की नाही, एवढंच सांगा. आणि नुसतं सांगू नका, दाखवा."

कानसेनला राग आला नाही. त्यानं कपाटातून एक चपटा डबा काढला आणि उघडला. आत फितीचं भेंडोळं होतं, खोलीभर आंबूस वास सुटला. "हे बघा. फक्त संवादांची फीत आहे ही, संगीत वेगळं. गोदामात सडत होती. यातलंच आहे सगळं. एक अक्षरसुद्धा मी माझ्या पदरचं घातलेलं नाही."

"वास कुठल्याही डब्याला आणता येतो."

"आणता येतो," कानसेन म्हणाला. "पण कशाला आणू? तुम्हाला खटकतंय काय, ते तरी सांगा."

काय खटकतंय ते शंकासुराला कुठं धड सांगता येत होतं! तेवढ्यात टक्, टक्. मावशी उठली होती. तिनं चपला काढल्या, गालिच्यावर मधोमध उभी राहिली, आणि त्या वयात, साडीचा काठ एका हातानं वर धरून, जागच्या जागी पळायला लागली.

"अगं, काय करतेस!" शंकासुर धावला. तिनं त्याला कोपरानं ढकललं. थोडी पळली, मग थांबली, मानेवरचा रुमाल आत-बाहेर होत होता आणि श्वासाची शीळ खोलीत स्पष्ट ऐकू येत होती. हात गळ्याकडे गेला नाही. तिनं पाटी घेतली.

"घडी घातलेल्या गोधडीवर पळायचे. माइकसमोर. प्रत्येक वेळी. पोरगा पळत आलाय, मग मी बसून कशी बोलणार? बाकीचे हसायचे मला."

कानसेननं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

"धापा!" तो म्हणाला. "अरे देवा. त्या धापा होत्या? मी त्या काढून टाकल्या, बाई."

"काढल्या?" शंकासुर कडाडला. "कुणी सांगितलं काढायला?"

"वरून हुकूम होता. चाहत्यांची मागणी आहे, आवाज स्वच्छ हवा. खरखर, श्वास, खसखस, काही नको. एक गृहस्थ तर म्हणे दर आठवड्याला फोन करायचे. 'एक कण ठेवू नका.' त्यांचं ते वाक्य साहेबांनी मला जसंच्या तसं ऐकवलं. काम सुरू करायच्या आधी."

मावशीनं मान वळवून भाच्याकडे पाहिलं. गेली काही वर्षं दर आठवड्याला हा फोनवर कुणाशी हुज्जत घालतो, ते तिला घरबसल्या पाठ होतं.

"मी खरखर म्हणालो होतो," शंकासुर खालच्या आवाजात म्हणाला. "श्वास नव्हतो म्हणालो."

"यंत्राला दोन्ही सारखंच," कानसेन म्हणाला. "ते फरक करत नाही. मी करायला हवा होता. मला वाटलं, बाईंना दम लागायचा. वाटलं, झाकून घ्यावं."

शंकासुर आता बसला. आयुष्यभर जगातल्या प्रत्येक माणसाच्या हाताकडे त्यानं संशयानं पाहिलं होतं, आणि मावशीचा आवाज दोन्ही वेळा पुसला गेला तो याच्याच हातानं. रडू यायला लागलं म्हणून तो पिशवीतल्या टेपा उगाच खालीवर करत बसला. मावशीनं येऊन त्याच्या डोक्यावर एक टपली मारली, शाळेतल्या पोराला मारावी तशी, आणि पाटीवर लिहून कानसेनसमोर धरली, "टाकलेलं कुठे टाकता?"

"केरात," कानसेन म्हणाला, आणि म्हणताम्हणताच त्याचे डोळे चमकले. "म्हणजे आम्ही त्याला केर म्हणतो. आवाज साफ करताना जे जे निघतं ते वेगळं साठवून ठेवतो. काम झालं की केर एकदा ऐकायचा असतो, पाखडताना कोंड्याबरोबर दाणे गेले नाहीत ना, ते बघायला. सगळा आहे माझ्याकडे. लावू?"

मावशीनं मान हलवली. तिनं खुर्ची स्पीकरच्या अगदी जवळ ओढली. कानसेननं शेवटच्या भागाचा केर लावला, कारण त्यात पोरगा सगळ्यात लांबून पळत येतो.

आधी नुसती ती तळल्यासारखी खरखर. मग तिच्यातून पावलं आली. धप, धप, धप, गोधडीवर दबलेली. मग श्वास. पोराचा म्हणावा तर पोराचा, बाईचा म्हणावा तर बाईचा, भरभर, उतावळा, तुटत तुटत येणारा. शब्द एकही नाही. जिथे वाक्य होतं तिथे नुसती पोकळी, आणि पोकळीच्या दोन्ही बाजूंना मावशी धापा टाकत उभी. मावशीनं डोळे मिटले. तिचे पाय खुर्चीखाली हलत होते, आणि गळ्यातली शीळ त्या धापांच्या मागोमाग येत होती. पेन न धरता तिनं बोटानंच कोऱ्या पाटीवर गिरवलं. शंकासुराला ते वाचता आलं. 'ही मी.'

"आता पुढे काही नाही," कानसेन म्हणाला. "भाग इथे संपतो. नंतर कुणीतरी माइक बंद करायला विसरलं होतं, तेवढं मी कापलं. कथेशी त्याचा संबंध नाही."

"लावा," शंकासुर म्हणाला. काही राहून गेलेलं असेल, ही शंका त्याच्या स्वभावातच.

कानसेननं लावलं. चपला ओढल्याचा आवाज आला, कागद चुरगळल्याचा आवाज आला. मग एक बाई बोलली. निरोप्या नव्हे, जराशी बसक्या आवाजाची, घाईत असलेली एक तरुण बाई.

"झालं ना? जाऊ मी? नाही हो, चहाबिहा नको, पोरगं दारात बसलं असेल माझं. किल्ली माझ्याकडेच आहे. रोज त्याला वाटतं, ही आता येत नाही."

कुणीतरी लांबून हसलं. आणि मग पावलं, ही गोधडीवरची नाहीत, फरशीवरची, पळत, लांब जात जात, दार आपटल्याचा आवाज, आणि खरखर.

शंकासुर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. धापा म्हणजे निरोप्याच्या, असंच तो आयुष्यभर समजत आला होता. कोपऱ्यावरून धापा टाकत येणारी मावशी त्याला आठवली, आणि तोंड फुगवून बसलेला तो स्वतः, आणि तिनं कधी एका शब्दानंही दिली नाही ती सबब.

"हे पेटीत खास भेट म्हणून घातलं ना," कानसेन डोळे पुसत म्हणाला, "तर चाहते वेडे होतील हो."

टक्, टक्, टक्. मावशीनं पाटी त्याच्या नाकासमोर धरली. "धापा सगळ्या परत घाला. मग सही. हे शेवटचं मात्र पेटीत नाही. निरोप ज्याचा त्यालाच."

तसं कागदावर लिहून घेतलं, आणि मग तिनं सही केली. कानसेननं ती शेवटची वाक्यं शंकासुराच्या फोनमध्ये घालून दिली आणि आपल्याकडची त्याच्यादेखत पुसली. "पुसली ना नक्की?" असं विचारायचं शंकासुराच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण त्यानं नाही विचारलं.

दोघं घरी पोचली तेव्हा साडेतीन वाजायचे होते. दारात उभं राहून त्यानं एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला, पिशवी उपडी केली. टेपा होत्या, यंत्र होतं, वकिलाचा नंबर होता. किल्ली नव्हती. पुरावे गोळा करायच्या नादात ती आत टेबलावरच राहिली होती, आणि दुसरी बायकोच्या पर्समध्ये.

मावशी आवाज न करता अशी हसली की तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला. किल्लीवाला स्वतःच्या दाराबाहेर! मग तिनं त्याच्या वरच्या खिशाकडे बोट दाखवलं. तिथे नेहमीची तार होती. हे कुलूप त्या तारेनं उघडायला त्याला मिनिटभर पुरे झालं असतं.

त्यानं तार काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि परत खिशात ठेवली. मग खाली पायरीवर बसला, शेजारची धूळ हातानं झटकली आणि मावशीला बसायला जागा करून दिली.

"बसू की जरा," तो म्हणाला. "चारला येते म्हणालीय ना? येईल ती."